गाढवाने केलं

मास्तरांची आणि त्या गाढवाची पहिली भेट झाली त्या दिवशी गाढवाने अर्ध्या गावाची मापं खाल्ली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. चढावरच्या पायऱ्यांच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान. दाराशी मशीन, भिंतीला उभा आरसा, आणि आरशासमोर एक लाकडी पाट. माप देणाऱ्याने त्या पाटावर उभं राहायचं. एका सकाळी मास्तर मशीनला तेल घालत असताना मागे पाट करकरला. "हात जरा लांब करा," मास्तर मागे न बघताच म्हणाले. उत्तर आलं नाही. वळून बघतात तर पाटावर गाढव. आरशात स्वतःला न्याहाळतंय आणि तोंडात मापांची वही. मास्तरांच्या सांगण्यानुसार, आणि हे सांगणं वर्षागणिक वाढत गेलं, त्याने त्या दिवशी खडूची आख्खी पेटी, सव्वादोन मीटर सुटाचं कापड, टेपचे पहिले चाळीस सेंटिमीटर आणि 'अ' पासून 'भ' पर्यंतची सगळी गिऱ्हाइकं खाल्ली. ते वर्ष गावाने अंदाजाने शिवलेल्या कपड्यांवर काढलं. पोस्टमास्तरांच्या विजारीत पोस्टमास्तर मावून वर एका पार्सलाची सोय होती. शाळेच्या बाईंना कोटात हात खांद्याच्या वर नेता येईना, त्यामुळे मुलांचं ते वर्ष सुखात गेलं.

गाढवाच्या मागोमाग विटावाला धापा टाकत आला. दारात उभा राहून अदबीने म्हणाला, "साहेब, चला."

मास्तरांना क्षणभर वाटलं, आपल्यालाच म्हणतोय. त्यांची मान ताठ झाली. मग गाढव पाटावरून उतरलं आणि त्यांच्या अंगावरून निघून गेलं. जाता जाता मास्तरांच्या नजरेने टिपलं, की त्याच्या डाव्या कानाचं टोक फाटलेलं आहे, शिवण उसवल्यासारखं.

साहेब हे गाढवाचं नाव. कामाला आपल्या वेळेने निघायचं आणि काही विचारलं की पलीकडे बघायचं, या दोन गुणांवर ते पडलेलं. गावात वरच्या गल्ल्यांना गाडी चढत नसे. तिकडे विटा, वाळू, सिमेंट जे जायचं ते साहेबाच्या पाठीवरून. मागून विटावाला, एकटा जीव, कमी बोलणारा. वर्षभर लोक त्याला एकच वाक्य ऐकवत, "बाजूला घे रे ते."

फक्त एक संध्याकाळ वेगळी असायची, नाताळच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी गावात येशूजन्माचा जिवंत देखावा व्हायचा. मूर्ती नाहीत, बाहुल्या नाहीत, सगळी खरी माणसं. दिवस कलला की मारिया गाढवावर बसून गल्लीने खाली यायची, योसेफ दारोदार जागा विचारायचा, दारं बंद व्हायची, आणि शेवटी सगळे गवळ्याच्या गोठ्यात पोचायचे. तिथे गव्हाणीत त्या वर्षी गावात सगळ्यांत शेवटी जन्मलेलं मूल ठेवायचं आणि बाकीच्यांनी तासभर चित्रासारखं उभं राहायचं. नियम एकच होता, हलायचं नाही. नाकावर माशी बसली तर ती माशीही देखाव्यातली समजायची. त्या संध्याकाळी गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाव उभं असे आणि मधून दोरी धरून विटावाला चाले. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस. साहेबाच्या पाठीवर मास्तरांनीच शिवलेली तांबडी झूल. वर्षभर ज्याला बाजूला व्हायला सांगायचं, त्याच्यासाठी गाव आपण होऊन बाजूला व्हायचं.

देखाव्याचे सगळे कपडे मास्तर शिवायचे आणि शिवाय तिसरा मेंढपाळ व्हायचे. एकोणीस वर्षं ते तिसरेच मेंढपाळ होते. बढतीची आशा त्यांनी सोडली होती, पण स्वतःच्या झग्याला बाह्या मात्र अशा घेरदार लावल्या होत्या की पहिला मेंढपाळ त्यांच्या मागे दिसायचाच नाही.

विसाव्या वर्षी, बाळाला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपैकी पोस्टमास्तर पहिले राजे झाले होते. सगळे जागेवर उभे राहिले, कंदील लागले, गाव गप्प झालं, आणि मास्तरांना राजाच्या अंगरख्याच्या काठाला लोंबणारा एक दोरा दिसला. दोन बोटं लांब, पांढरा, तांबड्या मखमलीवर. मास्तरांनी नजर बाळाकडे वळवली. नजर परत दोऱ्यावर आली. त्यांनी प्रार्थना म्हणायला घेतली, प्रार्थनेच्या मधोमध दोरा लोंबत होता. वाऱ्याने तो हलायचा. गोठ्यात नियम मोडणारा तो एकटाच. अर्धा तास मास्तरांनी सोसलं. मग त्यांना वाटलं, सगळं गाव बाळाकडे बघतंय, कोणाला कळणार. त्यांच्या खिशात छोटी कात्री असायचीच, झोपतानाही असायची. ती काढून, पाय न हलवता, त्यांनी फक्त हात लांब केला.

दोरा कापला गेला. त्याच वेळी घेरदार बाहीने खांबाच्या खुंटीवरचा कंदील अलगद उचलला आणि गवतात ठेवला.

पुढचं सगळं एका दमात झालं. गवत पेटलं, मारियाने बाळ उचललं, साहेब जोरात ओरडला, योसेफाने पाण्याची बादली ओतली ती दुसऱ्या राजाच्या अंगावर, गवळ्याने दुधाची ओतली ती आगीवर. कोणाला इजा झाली नाही. तिसऱ्या राजाची कापसाची दाढी तेवढी गेली. धूर निवळला तसे फादर पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "कोणी केलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, असं ते नंतर स्वतःला पुष्कळदा सांगत. पण ज्या तोंडाने तीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगितलं होतं, त्या तोंडाला वळणच पडलेलं.

"गाढवाने केलं," ते म्हणाले. "लाथ मारली."

विटावाला शेजारीच होता. "माझ्या गाढवाने नाही," तो म्हणाला.

फादरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली. ती 'नाही'ची होती की 'हो'ची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण गावाने ती 'हो'ची धरली.

पुढच्या वर्षीपासून देखाव्यात प्लायवूडचं गाढव आलं. मारिया चालत येऊ लागली. साहेब लाथाळ आहे म्हणून आया मुलांना आत ओढून घेऊ लागल्या, विटांची कामंही रोडावली. विटावाला त्या संध्याकाळी गर्दीच्या मागे, गवळ्याच्या भिंतीला टेकून उभा राहू लागला. आणि मास्तरांचे ते दोन शब्द गावाने उचलले. शाळेची काच फुटली, गाढवाने केलं. तार आठ दिवस उशिरा पोचली, गाढवाने केलं. एकदा तर मास्तरांच्या बायकोच्या हातून बरणी पडली आणि ती सहज म्हणाली, "अहो, गाढवाने केलं." मास्तर जेवणावरून उठले.

"आता काय झालं?" ती म्हणाली. "बरणी माझ्या माहेरची होती, तुम्हाला कशाला वाईट वाटतंय?"

ते कबुलीला जात. उद्या सांगून आठवडा लावला, एकाचं उरलेलं कापड दुसऱ्याच्या खिशात वापरलं, अशी लहान पापं फादरांपुढे ओतत. मोठं पाप तळाशी तसंच राही. फादर म्हणत, "मास्तर, तुमची पापं ऐकून झोप येते." मास्तरांना त्या बोलण्याने रडू येई.

शेवटी त्यांनी गाढवाचीच माफी मागायला घेतली. दर शनिवारी, विटावाला वाळू मोजायला गेला की, ते दोन गाजरं घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला जात. "साहेब, चुकलो," म्हणत. साहेब गाजर खाई आणि पलीकडे बघे. पहिल्या वर्षी मास्तरांना वाटलं, राग आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, निवळतोय. तिसऱ्या वर्षी साहेबाने त्यांच्या खांद्याला नाक घासलं, तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ज्याचा अपराध केला त्याने माफ केलं, आता मधल्या माणसांना सांगायची गरज नाही, असा हिशेब त्यांनी केला.

त्याच डिसेंबरात विटावाला दुकानात आला. बगलेत तांबडी झूल. त्याने ती टेबलावर पसरली.

"मास्तर, ही कापा. उशांचे अभ्रे होतील दोन. नाही तर पिशव्या करा."

"का?"

"पडून कसर लागतेय."

मास्तरांनी कात्री घेतली. झुलीची किनार त्यांनी स्वतः हाताने घातली होती, चार संध्याकाळी बसून. कात्रीची पाती उघडली, मिटेनात. बाहेर कोणाची तरी घागर पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि दोन बायका हसत म्हणाल्या, "गाढवाने केलं."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "साहेबाने नाही केलं," ते म्हणाले. "मी केलं. माझी बाही लागली. पोस्टमास्तरांचा दोरा कापत होतो."

विटावाल्याने झुलीवरची सुरकुती सारखी केली. "माहीत आहे," तो म्हणाला. "माझा हात त्याच्या मागच्या मांडीवर होता. लाथ मारली असती तर मला आधी कळलं असतं."

"मग परत बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की एकदा. तुम्ही मान हलवलीत."

मास्तर पडेल आवाजात म्हणाले, "साहेबाने मला माफ केलंय. परवा खांद्याला नाक घासलं त्याने."

"कोणी?"

"साहेबाने. दर शनिवारी गाजरं देतो मी त्याला. तीन वर्षं झाली."

विटावाला त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे गाजरं तुम्ही देता होय. मी म्हणतोय शनिवारी हा वाळू का वाहत नाही." मग तो पाटावर बसला. "मास्तर, साहेब हे पद आहे. तुमच्या साहेबाची बदली झाली, आग लागल्यावर पंधरा दिवसांत. काम मिळेना, विकला नदीपलीकडच्या वीटभट्टीला. हा नवा साहेब. ह्याला तुमचं काही माहीत नाही."

कंदिलाच्या उजेडात दोन बोटांचा दोरा दिसणारा हा माणूस. तीन वर्षं समोर दोन धडधाकट कान हलत होते आणि ते त्याला दिसले नव्हते.

त्याच आठवड्यात शाळेच्या वर्गात देखाव्याची बैठक होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. मास्तर उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. वर्गात कौतुकाची कुजबूज उठली.

"मास्तर, तुमचं मन मोठं," पोस्टमास्तर म्हणाले. "एका मुक्या जनावरासाठी स्वतःवर घेताय."

"अहो, मीच केलं."

"शोभतं तुम्हाला," शाळेच्या बाई म्हणाल्या. "आम्हाला नसतं जमलं."

मास्तर काकुळतीला आले. त्यांनी पिशवीतून तो झगा काढून चढवला, पोस्टमास्तरांना फळ्याजवळ उभं केलं, टेबलाच्या कडेला न पेटवलेला कंदील ठेवला, आणि पाय न हलवता हात लांब केला. बाहीने कंदील अलगद उचलला आणि फादरांच्या मांडीवर ठेवला.

तिसरा राजा म्हणाला, "म्हणजे माझी दाढी तुम्ही जाळलीत."

दुसऱ्या दिवसापासून गावात काच फुटली की 'मास्तरांनी केलं' असं म्हणतात.

फादर आणि पोस्टमास्तर विटावाल्याकडे गेले, चुकलो म्हणाले, यंदा पुढे चला म्हणाले. "येतो," तो म्हणाला, "पण साहेबाला घेऊन. त्यालाच."

तेव्हा नाताळच्या चार दिवस आधी सकाळच्या पहिल्या बसने मास्तर आणि विटावाला नदीपलीकडे गेले. मास्तरांच्या मांडीवर झूल, नवी किनार घातलेली. खिशात दोन गाजरं. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं दोनदा म्हणून पाहिली. विटावाल्याने ऐकून सांगितलं, दुसरं वाक्य लांब होतंय.

भट्टीवरचा मुकादम चहा पीत होता. "कुठलं? कान फाटका?" त्याने विचारलं. "ते मागच्या मार्चमध्येच मेलं."

त्या वर्षीही देखाव्यात प्लायवूडचंच गाढव होतं.