समोरच्या घरातून आलेली वायर

आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. त्याच्यासमोरून जाताना चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांमधल्या ॲसिडचा आंबूस, नाकाला किंचित झोंबणारा वास येतो. बरोबरची माणसं रुमाल काढतात. माझी पावलं मात्र रेंगाळतात. मोगऱ्याच्या वासाने हळवी होणारी माणसं पुष्कळ असतील, बॅटरीच्या वासाने होणारी नोएडात बहुधा मी एकटीच. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात उकाड्याचा आणि सगळ्यात भाग्याचा उन्हाळा या वासात मुरलेला आहे.

बाबांनी सरकारी नोकरी सोडून एका नव्या खासगी कंपनीत उडी मारली आणि दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून आम्ही नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हाची ही गोष्ट. देशात सगळंच नवं येत होतं: रस्त्यावर नव्या गाड्या, टीव्हीवर नवी चॅनेल्स, शेतं संपतात तिथे नव्या आकड्यांचे सेक्टर. वीज तेवढी यायची राहून जाई. उन्हाळ्यात ती दिवेलागणीला जायची आणि जेवणं उरकली तरी परतायची नाही. अशातच माझा दहावीचा निकाल लागला आणि विज्ञानात ‘कंपार्टमेंट’ आलं. म्हणजे तेवढा एक पेपर जुलैत पुन्हा द्यायचा. त्यातही आपटले तर वर्ष बुडालं आणि सायन्सला जायचं माझं वेडही त्याच्याबरोबर बुडालं. घात केला होता विजेच्या धड्याने. जी घरात टिकत नाही ती हिच्या डोक्यात कशी टिकणार, असं बाबा म्हणत. मला मुळीच हसू येत नसे.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी आंटी एकट्याच राहायच्या. दिल्लीतल्या एका शाळेत वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. आईने त्यांच्यापाशी माझी रडकथा गायली आणि दुसऱ्या दुपारपासून मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. टॉर्चचे सेल, टॉर्चचेच छोटे बल्ब आणि थोडी तार, एवढ्यावर त्यांनी तो अख्खा धडा माझ्यासमोर मांडला. दोन बल्ब एकामागोमाग एकाच वाटेवर जोडले तर दोघेही मिणमिणतात. प्रत्येकाला स्वतंत्र वाट दिली तर दोघेही पूर्ण उजेडाने लागतात. मी खूश झाले. आंटी म्हणाल्या, “दोनों को पूरा मिल रहा है, ठीक. लेकिन बेटा, देना किसे पड़ रहा है, वह भी देखो.” मी हिशेब मांडला, सेलमधून एका बल्बच्या दुप्पट करंट निघत होता. मग म्हणाल्या, असं प्रत्येक ठिकाणी पाहायचं.

संध्याकाळी लाइट गेली की आंटींचं दार उघडे. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आणि ॲसिडचा वास मारणारी त्याची बॅटरी होती, आमच्याकडे मेणबत्त्या. जिन्याच्या चौकातून त्यांची लांब वायर आमच्या घरात येई आणि माझ्या टेबलावरची ट्यूब आणि डोक्यावरचा पंखा चालू होई. “मेरे सामने बैठोगी तो हर सवाल मुझसे पूछोगी,” असं म्हणून त्या मला माझ्याच घरी बसवत. आई संकोचून विचारी, “आपको तकलीफ तो नहीं?” “बिल्कुल नहीं जी, मैं तो बाल्कनी में बैठती हूं. क्या हवा है वहां.” आम्ही विश्वास ठेवला. त्यांना मोकळी हवा आवडते, असं आई कौतुकाने सांगायचीसुद्धा.

परीक्षेच्या थोडं आधी त्यांनी गृहपाठ दिला: कुठल्याही एका घराचा संध्याकाळचा लोड मांडून आण. आमच्या घराचा वर्गात कधीच करून झाला होता, म्हणून मी आंटींचंच घर घेतलं. इन्व्हर्टरवरची पट्टी वाचली, तो दीडशे वॅटचा होता. आमचा पंखा ऐंशी, ट्यूब चोकसकट पन्नास. त्यांचा पंखा आणि ट्यूबही तेवढीच. बेरीज दोनशे साठ. मी पुन्हा केली, पुन्हा तीच. एवढा लोड तो इन्व्हर्टर उचलूच शकत नव्हता, आणि आमचा पंखा तर रोज भरधाव फिरत होता.

मी वही पुढे केली. “आंटी, आपका पंखा…” एवढंच जमलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वरून खाली तपासले. “जोड़ सही है,” म्हणाल्या. “चलो, अगला सवाल.”

मी घरी सांगितल्यावर त्या संध्याकाळी आईने वायर येऊच दिली नाही. पुस्तकं घेऊन मीच पलीकडे गेले, आणि जुलैपर्यंत आम्ही दोघी एकाच पंख्याखाली बसलो. मी काही विचारलं तर त्या तोंडावर बोट ठेवत.

पेपर सुटला, सायन्स मिळालं, पुढे त्याच विषयावर माझं पोट चाललं. आंटी आता नाहीत. विज्ञान माणसाला कोरडं करतं असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की बाल्कनीतल्या त्या अंधारात, जूनच्या उकाड्यात माझ्यासाठी कुणीतरी घामाघूम होऊन बसलं होतं. आणि जे आमच्या कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नाही, ते मला एका बेरजेने दाखवलं. ती बेरीज करायलाही त्यांनीच शिकवलं होतं.