चार हजारांवर थांबलेला आकडा

जुना कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर वर चढायचे. आपल्यात मेमरी किती आहे हे मशीन स्वतःच मोजून दाखवायचं. ते पळणारे आकडे आठवले की एक केस या वयातही जशीच्या तशी माझ्यासमोर उभी राहते.

आधी एक सांगतो. मी लेखक नाही. दहावीनंतर शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, आणि निवृत्त झाल्यावर आता बी.ए.ला प्रवेश घेतलाय. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. आयुष्यभर जबाब आणि पंचनामेच लिहिले, त्यामुळे हेही थोडं तसंच वाटेल. सांभाळून घ्यावं. नाव कोणाचंच लिहीत नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. भाईंदरला माझी नुकतीच बदली झाली होती. सकाळी हजेरी, मग पाण्याच्या नळावरची भांडणं, सायकलचोरी, पागडीचे वाद, असा आमचा रोजचा कारभार. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी एक गृहस्थ घाम पुसत आले. कॉम्प्युटर क्लासचे मालक.

"साहेब, चोरी झाली."

"काय गेलं?"

"दहा मशीन आहेत. दहाच्या दहा जागेवर आहेत."

आमचे हवालदार, सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "मग चोर काय घेऊन गेला, वारा?"

"मशीनचं डोकं गेलंय हो. अर्धं डोकं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. फिर्याद कशी लिहायची हा प्रश्न मलाही पडला. म्हटलं, आधी जागा बघू.

क्लास पश्चिमेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दारातच चपलांचा ढीग. आत एसी. तेव्हा बहुतेक क्लासमध्ये असंच होतं, धुळीने मशीन बिघडतात म्हणून सगळे अनवाणी. मी बूट काढले तर मोज्याला भोक. आतल्या मुली गालात हसल्या. वर्दीचा सगळा रुबाब त्या उंबऱ्यावरच राहिला.

शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, उत्तनच्या कॅथलिक कोळी घरातली. विद्यार्थी तिला 'मिस' म्हणत, म्हणून मीही इथे मिसच म्हणतो. चोरी तिनेच पकडली होती.

"बघा सर," म्हणून तिने बटण दाबलं. आकडे पळू लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर इतक्या जवळून बघत होतो. आकडे चढले, चढले आणि चार हजारांवर येऊन थांबले.

"इथे थांबायला नको. आठ हजारांपर्यंत जायला पाहिजे. आधी जायचे."

तिने डब्याचे स्क्रू काढले. आत एक हिरवी पट्टी होती, वीतभरही नाही, तिच्यावर काळे चौकोन. शेजारची खाच रिकामी.

"ही रॅम. प्रत्येक मशीनमध्ये दोन होत्या. आता एकेकच आहे."

"एवढ्याशा पट्टीने काय फरक पडतो?"

"सर, तुमच्या ठाणे अंमलदारांचं टेबल अर्धं कापलं तर? प्रत्येक कागदासाठी उठून कपाटाकडे जावं लागेल. मशीनचं तेच झालंय. ऐका, हार्डडिस्क कशी घरघरतेय. आणि कोणीतरी सेटअपमध्ये जाऊन नवा आकडा सेव्ह केलाय, नाहीतर मशीन सुरू होतानाच ओरडलं असतं. ज्याने नेली त्याला यातलं कळतं."

मला काय वाटलं ते सांगू? चोरीचा तपास बाजूला राहिला, मी ते यंत्रच बघत बसलो. नाना मागून खाकरले तेव्हा भानावर आलो.

मालकांनी मला जिन्यात नेलं. "साहेब, ज्याला कळतं असं ती म्हणाली ना? तिच्याशिवाय इथे कोणाला कळतं? चावी पण तिच्याकडेच. अंधेरीला कंपनीत लागलीय, सोमवारी जॉईन होतेय. जाता जाता हात मारला. नाव घाला तिचं."

"मग तिनेच चोरी का दाखवली?"

"वो ही तो चालाकी है!" मालक रंगात आले की हिंदीवर जायचे.

मी अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा नोंदवला. पण खरी अडचण ठाण्यात परतल्यावर समजली. त्या मुलीच्या नव्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच टेबलावर आला होता. कागदावर 'संशयित' असा शब्द गेला असता तर नोकरी संपलीच, आणि उत्तनसारख्या गावात चोर हे नाव कायमचं चिकटलं असतं.

मोठे साहेब म्हणाले, "काय हो फौजदार, चावी तिच्याकडे, माहिती तिच्याकडे, क्लास सोडून जातेय ती. अजून काय पाहिजे, आकाशवाणी?"

"साहेब, थोडा वेळ द्या."

"शुक्रवारपर्यंत. नंतर तिचं नाव संशयितांत."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जायचं, असा नियम. नानांना घेऊन उत्तनला गेलो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. जीप बघून शेजारपाजार दारात आला. मिसची आई हातातलं सूप तसंच धरून पुढे आली.

"सायेब, माजी पोर चोर न्हाय हाय. आमी दर्यावर दुसऱ्याच्या जाल्याला हात न्हाय लावत, ती काय डब्यातलं काडील?"

"मावशी, मी फक्त विचारायला आलोय."

"मंग बस. च्या घे. आन् इचार."

मी एक एक विचारत गेलो. मशीन कोण उघडतं? ती आणि मेंटेनन्सचा माणूस, जो महिन्यातून एकदा ब्लोअर घेऊन धूळ काढायला येतो. त्याला मी आदल्या दिवशीच विचारलं होतं. शांत माणूस, हात जोडून बोलणारा. तो म्हणाला होता, "साहेब, माझ्याकडे चावी नाही. मिसना विचारा."

"शेवटचं सगळी मशीन कधी उघडली होतीत?"

तिची कानशिलं लाल झाली. मग हळूच म्हणाली, "दसऱ्याला. सर, हे लिहिणार नाही ना?"

"काय ते सांगा तरी."

"क्लासमध्ये मशीनची पूजा होती. मुलं म्हणाली, मिस, कुंकू तुम्हीच लावा. सगळे डब्यावर लावत होते. मी म्हटलं, डब्याला लावून काय उपयोग? आमच्या बोटीला आशीर्वाद देतात तेव्हा फादर इंजिनावरही पाणी शिंपडतात. बोट चालते ती इंजिनावर. मग मी स्क्रू काढले आणि रॅमच्या स्टिकरवर बोट टेकवलं. पुढच्याच पट्टीवर, मागचीपर्यंत बोट पोचत नव्हतं. दहाही मशीनमध्ये."

बाप कोपऱ्यात जाळं शिवत होता, तो हसू दाबत म्हणाला, "आमची बाय पादरीन झाली त्या दिशी."

"मेंटेनन्सचे दादा नंतर आले तेव्हा खूप चिडले," ती म्हणाली. "म्हणाले, शिकलेल्या ना तुम्ही? आत कोणी कुंकू लावतं का?"

माझा पेन थांबला. मी नानांकडे बघितलं. नाना चहाचा कप खाली ठेवून उभेच राहिले होते.

तिथून थेट क्लासवर. दहाही डबे उघडले. उरलेल्या एकाही पट्टीवर कुंकू नव्हतं. म्हणजे चोराने पुढची, हाताला सहज येणारी पट्टी काढली होती. कुंकू लागलेली. त्या पट्ट्या जगात कुठेतरी होत्या आणि त्यांच्यावर खूण होती! मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं. पण कुठे शोधायच्या?

उत्तर क्लासखालच्या चहाच्या टपरीवर मिळालं. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत तिथे उभा होतो. कॉलेजची पोरं कॉम्प्युटरवरून अशी भांडत होती की एखाद्याला वाटावं क्रिकेटचा सामना चाललाय.

"मीरा रोडच्या गेम पार्लरला गेलास? गाड्या काय पळतायत रे! गेल्या महिन्यात वळणावर अडकायच्या."

"पेंटियम टाकलं असेल त्याने."

"तो कंजूस पेंटियम टाकतोय? मशीन तीच जुनी आहे, डब्यावरचा चरा पण तोच."

"मग ग्राफिक्स कार्ड."

"अबे येडा आहेस काय? रंग तेच आहेत. आधी हार्डडिस्क गिरणीसारखी घरघरायची, आता गप्प आहे. रॅम वाढवलीय त्याने, लिहून देतो."

"रॅम सोन्याच्या भावाने आहे. एवढी आणली कुठून?"

"दिवाळीची सुट्टी येतेय ना. कमावेल तो."

मी चहा अर्धा टाकून निघालो. मिसने एका मशीनची घरघर ऐकवली होती, आणि इथे दुसऱ्या मशीनची घरघर थांबली होती. इकडे अर्धं झालेलं टेबल तिकडे वाढलं होतं. नानांनी दुपारपर्यंत माहिती काढली. पार्लर ज्याच्या नावावर होतं तो मेंटेनन्सवाल्याचा मेहुणा, आणि संध्याकाळी गल्ल्यावर मेंटेनन्सवालाच बसायचा.

शुक्रवारी दोन पंच घेऊन आम्ही पार्लरला पोचलो. सोबत मिस आणि मालक, वस्तू ओळखायला. आत पोरांचा कलकलाट, पडद्यावर गाड्या सुसाट. मेंटेनन्सवाला गल्ल्यावरून उठला, पण घाबरला नाही.

"रॅम? आहे ना साहेब. मुंबईच्या बाजारातून घेतली. सेकंडहँड, बिल कोण देतो?"

"ही क्लासची आहे असा आम्हाला संशय आहे."

"रॅम सगळी सारखीच असते, साहेब. तुमच्या कमरेच्या पट्ट्यावर तुमचं नाव लिहिलंय का? तो काय फक्त तुमचाच आहे?"

बोलण्यात दम होता. मालकसुद्धा चुळबुळले. मी म्हटलं, "मशीन उघडा."

क्षणभर त्याचा हात थबकला. मी तो थबकलेला हात बघितला, आणि तिथेच मला समजलं. माणूस तोंडाने हवं तेवढं खोटं बोलतो, हाताला तेवढं जमत नाही.

गेम बंद झाल्या म्हणून पोरं ओरडली, मग डबा उघडताना सगळी खुर्च्यांवर चढून बघू लागली. स्क्रू निघाले, झाकण सरकलं, मिसने टॉर्च धरला. हिरवी पट्टी, वर पांढरं स्टिकर आणि स्टिकरवर लालबुंद बोट.

"आयला, कुंकू!" मागून एक पोरगा ओरडला.

दुसरी मशीन उघडली, कुंकू. तिसरी, कुंकू. प्रत्येक झाकण निघालं की पोरं आरोळी ठोकत होती. पंच सह्या करायचे विसरून त्या आरोळीत सामील झाले होते. मिस मात्र हसत नव्हती. एका हाताने टॉर्च धरूनच तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

ठाण्यात चौकशीला फार वेळ लागला नाही. दसऱ्यानंतर महिन्याच्या सफाईला आला तेव्हाच भरदिवसा, मालकांनीच मागवलेला चहा पीत, एकेक डबा उघडून त्याने पट्ट्या ब्लोअरच्या पिशवीत टाकल्या होत्या. चावीचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत पार्लर गर्दीने फुलायला हवं होतं, एवढंच कारण.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. "तुम्हाला कुंकू माहीत होतं. तुम्हीच तिला रागावला होतात. मग पुसलं का नाही? फडक्याचा एक हात मारला असता तर मी आज काहीच सिद्ध करू शकलो नसतो."

तो म्हणाला, "फडकं घेतलं होतं, साहेब. पण पूजेचं कुंकू... दसऱ्याचं. घरात आई आहे, बायको आहे. पुसायला हात धजावला नाही."

नाना खुर्चीत मागे रेलून हसले. "चोरायला धजावला तो?"

मला नानांसारखं हसता आलं नाही. तो माणूस सराईत नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तो चोर झाला आणि फडकं हातात घेतल्यावर पुन्हा घरचा माणूस झाला. दोन्ही तोच होता. पुढे किती संशयितांसमोर बसलो, पण हे विसरलो नाही. समोरच्याने काय केलं हे तर विचारायचंच, पण काय करायचं त्याच्या जिवावर आलं तेही शोधायचं. पुष्कळदा केस तिथेच उघडते. आणि चावी कोणाकडे आहे एवढ्यावरून कोणावर बोट ठेवायचं नाही.

मोठ्या साहेबांनी त्याच संध्याकाळी पडताळणीच्या कागदावर सही केली. म्हणाले, "आकाशवाणी झाली म्हणायची." मालक ओशाळून मिसला म्हणाले, "बेटा, मनात ठेवू नको." ती म्हणाली, "सर, मेंटेनन्सला आता नवीन माणूस बघा, आणि तो डबा उघडेल तेव्हा समोर बसा." सोमवारी ती कामावर रुजू झाली. तिच्या आईने ठाण्यात पिशवीभर सुके बोंबील पाठवले. नियमाने घ्यायचे नव्हते, म्हणून मी ते परत पाठवायला सांगितले. ते परत पोचले की नाही, याचा तपास मी केला नाही. नानांच्या डब्याला मात्र दोन दिवस ओळखीचा वास येत होता.

काही वर्षांनी आमच्या ठाण्यालाही पहिला कॉम्प्युटर आला. दसऱ्याला नेहमीसारखी शस्त्रपूजा मांडली. रायफली ओळीत, झेंडूच्या माळा, शेवटी टेबलावर तो पांढरा डबा. नाना कुंकवाचं ताट घेऊन त्याच्यासमोर अडखळले.

"साहेब, याला कुठे लावू?"

मी म्हटलं, "नाना, आधी स्क्रू-ड्रायव्हर आणा."