कात्रणाची मागची बाजू

वत्सला राऊतची नोकरी पेपर वाचायची आहे, हे तिच्या गावात, चिंचणीत, कोणाला खरं वाटायचं नाही.

बोईसरला कारखानदारांच्या एका संघटनेचं छोटं कार्यालय होतं. तिथे ती पंचविशीत लागली. सकाळी साडेआठला टेबलावर अकरा पेपर येऊन पडलेले असत. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. पाणी, वीज, जमीन, कामगार, सांडपाणी, असं कारखान्यांच्या उपयोगाचं जे छापून येईल ते शोधायचं, कात्रीने कापायचं, कोऱ्या कागदावर लावायचं, कोपऱ्यात तारीख घालायची आणि अकराच्या आत फाइल सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवायची. गोंदाने कागद सुरकुततो म्हणून ती कात्रणाच्या वरच्या कडेला नुसती एक पिन मारायची.

उरलेले पेपर ती घरी न्यायची, शेजारच्या जमनाला मासळी बांधायला. जमना म्हणायची, "तुमचा पेपर काय कामाचा नाय ताई. भोकातून बोंबील बाहेर येतो."

घरात वत्सला एकटीच. आईवडील गेले, भाऊ वसईला स्थायिक झाला, लग्नाचं कधी जमलं नाही. चिकूची वाडी भाऊ खंडाने देतो. पण दिवसभर अकरा पेपरांतलं जग डोक्यात घेऊन फिरणाऱ्या बाईला एकटं वाटायला सवड नव्हती.

मग मितेश शहा सेक्रेटरी झाले. चाळिशीतला माणूस, बोलायला गोड. त्यांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. सकाळी सातलाच सगळ्या सभासदांच्या फोनवर बातम्या जाऊ लागल्या, त्याही विषयवार लावून. पहिल्या महिन्यात वत्सलाने चोरून ताडून पाहिलं. सॉफ्टवेअरकडून एकही बातमी सुटली नव्हती. तिच्याकडून दोन सुटल्या असत्या. त्यामुळे रागवायचं कोणावर, तेच तिला कळेना.

पेपर बंद झाले. मितेशभाईंनी तिला बोलावून सांगितलं, "वत्सलाताई, जुन्या फाइली स्कॅन करून टाका. मग ते कपाट मोकळं करू."

ती रोज मशीनपुढे बसू लागली. पिन काढायची, कात्रण काचेवर पालथं घालायचं, झाकण लावायचं. पालथं घातलेल्या कात्रणाची पाठ समोर येई. अर्धी जाहिरात, कुणाच्या तरी फोटोतला खांदा, मधेच तुटलेली बातमी. तिकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. आठवडाभराने एका कात्रणाच्या पाठीवर तिला पेन्सिलीचं अक्षर दिसलं: "बिचारी." वर कुठल्याशा गावातल्या म्हातारीची अर्धीच बातमी होती.

अक्षर सावेसाहेबांचं होतं. शांताराम सावे, तिचे पहिले सेक्रेटरी. अठरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती आणि या काळात फाइलबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. फाइल जायची, सही होऊन यायची. आता कात्रणामागून कात्रण निघत गेलं तसं कळलं की ते सगळं उलटून वाचत होते. "हे पटत नाही." "आमच्या मामांची हीच गत." आणि बऱ्याच ठिकाणी, जिथे तिच्या कात्रीने ओळ तोडली होती तिथे, "पुढे?"

एका कात्रणाच्या पाठीवर घिवलीच्या मच्छीमार बोटीची बातमी होती. चार माणसं, तीन दिवस पत्ता नाही, शोध चालू असून... आणि इथे कापलेलं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: "पुढे? सापडले का?"

वत्सलाने मशीन बंद केलं. ते सापडले होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं, तिने वाचलं होतं. पलीकडच्या खोलीतून साहेबांनी एकदा विचारलं असतं, तर तिने उठून सांगितलं असतं.

रविवारी ती पालघरला गेली. सावेसाहेब आता ऐंशीचे. सून रूपलने दार उघडलं, पाणी दिलं. साहेब खिडकीपाशी टॅबलेट घेऊन बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, खुर्ची पुढे ओढायला सांगितलं.

"हे बघ, अक्षर केवढं मोठं होतं," ते म्हणाले आणि बोटांनी पडदा ताणून दाखवला. "मोतीबिंदूनंतर पेपर सुटलाच होता माझा. आता दिवसभर वाचतो. मला काय आवडतं ते यालाच ठाऊक. आपोआप देतो."

वत्सलाने पर्समधून कात्रण काढून त्यांच्या हातात दिलं, पाठीची बाजू वर करून. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"माझंच अक्षर," ते म्हणाले. "मी असं लिहायचो?"

"पुष्कळ ठिकाणी लिहिलंय साहेब."

त्यांनी कात्रण उलटून पाहिलं. "वीज मंडळाला फोन लावून बसावं लागायचं. अर्धा अर्धा तास कोणी उचलायचं नाही. हातात तुझी फाइल असायची, तेव्हा लिहीत असेन. मला आठवत नाही गं."

"ते सापडले होते," वत्सला म्हणाली. "चौघंही. डिझेल संपून वलसाडकडे वाहत गेले होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं."

"सापडले? बरं झालं."

त्यांनी कात्रण तिला परत दिलं. रूपलने चहा आणला. साहेबांनी मग तिला टॅबलेटवर बोईसरच्या बातम्या दाखवल्या. एकामागून एक वर सरकत होत्या. सगळ्या तिने सकाळी फोनवर पाहिलेल्याच होत्या, तरी ती हो हो म्हणत राहिली. निघताना ते म्हणाले, "येत जा," आणि तिने मान हलवली.

सोमवारपासून ती कात्रणांच्या दोन्ही बाजू स्कॅन करू लागली. पंधरा दिवसांनी मितेशभाईंनी विचारलं, पानं एवढी का वाढली? तिने कारण सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मागचं कोणी शोधणार नाही ताई," एवढंच म्हणाले. तिने मागची बाजू सोडून दिली. दिवाळीआधी कपाट रिकामं झालं, भंगारवाला फाइली घेऊन गेला.

आता वत्सला स्वतःचा एक पेपर घेते. एका घरासाठी गल्लीत येणं परवडत नाही असं पेपरवाल्याने सांगितलं, म्हणून ती तो एसटी स्टँडवरूनच उचलते. बोईसर येईपर्यंत अर्धा वाचून होतो. उरलेला ती घडी घालून डब्याबरोबर ठेवते आणि दुपारी वाचते, एकटीच, टेबलाशी.

मागे एकदा तिने पेपर मुद्दामच सीटवर ठेवला आणि खाली उतरली. कारखान्यात जाणारा एक कामगार खिडकीतून हाका मारू लागला, "मॅडम, आपका पेपर रह गया."

"राहू दे. आप पढो," ती म्हणाली.

त्याने हातातला फोन दाखवून नको म्हणून मान हलवली आणि पेपर खिडकीतून खाली दिला. बस सुटत होती. वत्सलाने हात वर करून तो घेतला.