सोनाळ्याच्या घराचा पेन्सिलीतला नकाशा

मागच्या गुरुवारी सोनाळ्याला गेले होते, एका घराची मापं घ्यायला... तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. म्हणून आता इथंही लिहिते.

मी शेगावला घरांचे प्लॅन काढून देते. सोनाळ्याच्या प्रभाकरकाकांचं घर इंग्रजांच्या वेळच्या सी. पी. अँड बेरार प्रांताच्या काळातलं, विटा-चुन्याचं, अजून ठणठणीत. त्यांच्या मुलाला, दिनेशला, जुनं स्वयंपाकघर पाडून नवीन किचन हवं होतं. फोटोंवरून मी प्लॅन केलाही होता... किचन पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला. सोमवारी पाडायला माणसं येणार होती.

काकांनी ट्रंकेतून घराचा मूळ नकाशा काढून दिला. त्यांच्या वडिलांना बांधकाम खात्यातल्या ओळखीच्या एका ओव्हरसियरनं शाईनं काढून दिलेला. दिनेशची बायको वैशाली टेपचं दुसरं टोक धरून उभी होती... पण मापं काही जुळेनात. नकाशात स्वयंपाकघर पश्चिमेला, प्रत्यक्षात पूर्वेला. न्हाणीही भलतीकडेच.

मी मनातल्या मनात त्या ओव्हरसियरला नावं ठेवत होते. तेवढ्यात वैशाली हळूच म्हणाली, "ताई, शाईचं नका पाहू. पेन्सिलीचं पाहा. ट्रंक झाडताना मले त्या रेषा दिसल्या होत्या."

कागद दारातल्या उजेडात तिरपा धरला... खरंच, पुसट रेषा होत्या. आणि प्रत्येक माप त्यांच्याशी जुळत होतं! कडेला बारीक अक्षरात काही लिहिलेलं. वैशाली वाचायला लागली, "चूल इकडं नको. जाग्यावर दोऱ्या बांधून मधात उभी राह्यली. पश्चिमेच्या वाऱ्यानं सारा धूर घरात येईन."

"थांब, परत वाच," मी म्हटलं.

"मधात उभी राह्यली..." ती वाचता वाचता थांबली. ओव्हरसियर काही 'उभी' राहिला नसता. म्हणजे हे एका बाईनं लिहिलं होतं!

खाली आणखी होतं. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी पाहिजेच. न्हाणी रस्त्यावरून दिसते, इकडे घ्या. फळी हात पुरेल इतकीच उंच.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि खाटेवर बसलेच. "हे तं मायचं अक्षर होय. मी अकोल्याले शिकाले होतो, तवा याच अक्षरात चिठ्ठ्या येत." मग अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "आन मी आजवर साऱ्याइले सांगत आलो, घर बाबानं आखलं म्हणून."

काकांच्या आईचं नाव गोदावरीबाई. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी हे कधी मुलालाही सांगितलं नव्हतं...

माझी तर अशी फजिती, की इतक्या वर्षांनी मी किचन नेमकं तिथंच ठेवलं होतं, जिथून त्यांनी ते हलवलं होतं. गोदावरीबाई आखणीच्या दोऱ्या बांधून मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या होत्या, आणि मी मोबाईलवरचे फोटो पाहून प्लॅन केला होता.

दिनेशला म्हटलं, सोमवारचं पाडकाम थांबवा. "काऊन?" त्यानं विचारलं. मी कागदच पुढं केला. तो वाचून अंगणात गेला, पश्चिमेकडे तोंड करून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि परत येऊन म्हणाला, "आजीचं बरोबर हाय. राहू द्या तिथंच." लगेच फोन करून त्यानं माणसांना नाही म्हणून कळवलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... दोन महिने मी या किचनबद्दल दिनेशशी बोलत होते. रोज तिथं राबणाऱ्या वैशालीला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

विचारलं. "मले काय समजते त्यातलं," म्हणून ती हसली. मग सुरू झाली... ओटा चार बोटं उंच हवा, ती उंच आहे, वाकून कंबर भरून येते. भांडी घासताना तोंड भिंतीकडे नको. तासभर बोलत होती, मी लिहून घेत होते.

पंधरा वर्षं या कामात आहे, स्वतः बाई आहे, आणि इतका साधा प्रश्न विचारायला मला गोदावरीबाईंनी शिकवलं. त्यांना मनापासून नमस्कार.