भाऊजींचं मॉड्यूल

"पोराच्या हातून एक चूक झाली, तर किती तोंड सोडशील?" सासूबाई कडाडल्या.

"पोर? चाळिशीला टेकलेत ते!" वहिनीने ताट ओट्यावर आपटलं.

घरात आणि घराखालच्या औषधांच्या शीतगृहात सगळे तिला वहिनीच म्हणत. तिथला संगणक तिनेच उभा केला होता, मुलांना मांडीवर थोपटत शिकून शिकून. तापमान वाचणारा एक प्रोग्रॅम, गारवा राखणारे पंखे चालवणारा दुसरा, तापमान चढलं की भोंगा वाजवणारा तिसरा. धाकट्या दिराला हे बाळबोध वाटलं. त्याने तापमान वाचायचं काम मॉड्यूल करून थेट कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातच घातलं. काल दुपारी एका सेन्सरची वायर निघाली, मॉड्यूल मेमरीतल्या भलत्याच पत्त्यावर वाचायला गेलं आणि अख्खा संगणक गोठला. पंखे थांबले, भोंगा मुका. कपाटभर इन्सुलिन वाया गेलं. त्यावर कडी म्हणजे, दीर इन्सुलिनच्या गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाला, "वहिनींनी काहीतरी दाबलं असेल."

तेच तिच्या डोक्यात गेलं होतं.

"वायर निघाली, त्यात माझा काय दोष?" दीर पुटपुटला.

"वायर पूर्वीही निघायची. तेव्हा काय व्हायचं?"

"तो प्रोग्रॅम बंद पडायचा."

"तेवढाच! चालू प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, स्वतःची खोली असते, भाऊजी. पडली तर आतल्या आत पडते. कर्नल तिची जागा झाडून घेतो, दुसरी उभी राहते, शेजारच्या भोंग्याला पत्ताही लागत नाही. मॉड्यूलला कुठली आलीय खोली? ते कर्नलच्याच अंगात. त्याचा पाय घसरला की घर बसलं!"

"पण वेग किती वाढला!"

"मिनिटातून एकदा तापमान वाचायचं, त्या वेगाचं काय लोणचं घालू? डिस्कला मॉड्यूल लागतं, कबूल. थर्मामीटरला कशाला?"

"जाऊ दे ना," नवरा मध्ये पडला. "घरातलाच आहे तो."

"घरातले आहेत म्हणूनच इतक्या आत शिरले. परक्याला तुम्ही उंबऱ्यावर उभं केलं असतंत."

सासूबाईंनी पदर सारखा केला. वहिनीने हात पुसले.

"मॉड्यूल मी काढलंय. तापमान पुन्हा वेगळी प्रोसेसच वाचेल. संगणकाच्या मुळाशी जाऊ देणारा रूटचा पासवर्ड बदललाय, तो भाऊजींना मिळणार नाही. आणि चूक कुणाची, ते भाऊजी आत्ता माझ्यासमोर गिऱ्हाइकाला फोन करून सांगतील. नाही सांगितलं, तर उद्यापासून मी खाली पाऊल टाकणार नाही."