सव्विसावं नाव

दुर्बीणकाकांचा ज्याच्यावर संशय नाही असा माणूस आमच्या कारखान्यात नव्हता. कारखाना चष्म्याच्या काचा घासण्याचा आणि काकांकडे तिथला सर्व्हर. त्या खोलीला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे.

मी काचा तपासायला लागले ती तीन महिन्यांच्या बोलीवर. तपासलेला प्रत्येक ट्रे कॉम्प्युटरवर आपापल्या नावाने चढवायचा. त्यावरून साहेब ठरवणार, ठेवायचं की नारळ द्यायचा. पण माझं नावच तयार होईना. सर्व्हरवरची सिस्टीम सगळ्यात छोट्या आवृत्तीतली, पंचवीस नावांपुरती, आणि यादी भरलेली. मी सव्विसावी. माझे ट्रे शेजारच्या मावशींच्या नावावर जायचे.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विक्रेत्याला बोलावलं. मधली आवृत्ती घेतली तर हवी तेवढी नावं, फक्त प्रत्येकाचा वेगळा परवाना. मोठी घेतली तर एकाच यंत्राच्या पोटात हवे तितके सर्व्हर. तो गोड बोलत होता आणि काका त्याच्या बुटांकडे बघत होते.

"यादी भरली म्हणे! आणि ही सव्विसावी नेमकी आत्ताच कशी उगवली?" तो गेल्यावर काका म्हणाले.

म्हणजे मी विक्रेत्याची माणूस! हसावं की रडावं कळेना. काकांनी खरेदी अडवून धरली. त्या दिवसापासून पाण्याच्या निमित्ताने ते दर तासाला माझ्या टेबलामागून जायचे. एवढं पाणी उंटही पीत नसेल. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

मुदत संपायला एक दिवस उरला तेव्हा मी सरळ त्यांच्या खोलीत घुसले.

"काका, यादी काढा. नावं नको, माणसं मोजू."

पंचवीस नावांमागे माणसं चोवीस भरली. जास्तीचं नाव होतं 'रखवाला'. तो रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आत यायचा.

"सापडला!" काका ओरडले. "विक्रेत्यानेच घुसवलाय."

"पण येतो कुठल्या मशीनवरून, ते बघा ना."

काकांनी बघितलं. मशीन त्याच खोलीतलं. नाव अकरा वर्षांपूर्वी बनवलेलं, बनवणारे खुद्द काका. आपल्या खात्यात कुणी हात घालतंय का, हे बघायला त्यांनीच हा पहारेकरी नेमला होता. तो आपोआप हजेरी लावत राहिला आणि काका त्याला साफ विसरून गेले.

मला वाटलं, आता हे सारवासारव करणार. पण ते उठले, "चल" म्हणाले आणि साहेबांपुढे सगळं कबूल केलं.

"नाव आज मिळेल," साहेब म्हणाले. "पण तीन महिन्यांत हिच्या नावावर एक ट्रे नाही. मावशींचे कुठले, हिचे कुठले? कशावरून ठेवू?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढून टेबलावर ठेवली. पानापानावर तारीख, तास, मी तपासलेले ट्रे, परत पाठवलेल्या काचा. वर ठळक अक्षरात 'संशयित'.

साहेब पानं उलटत राहिले.

"एकही दिवस चुकला नाही?"

"आमचा दोघांचाही नाही," काका म्हणाले आणि साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं.