मोडीतले देव

आमचे हे मोठे लेखक. पण लोक येतात ते घर बघायला, कारण ह्यांना जुन्या वस्तूंचा भारी नाद. समया, कोरीव खांब, गंजिफा, आणि सगळ्यात लाडके म्हणजे पितळेचे जुने देव. कुणाच्या घरात वाटण्या झाल्या की देव मोडीत निघतात, भांडी बाजारात किलोवर येतात, आणि हे पिशवी घेऊन हजर!

पहिला आला तो रांगता बाळकृष्ण. ह्यांनी तो लिहायच्या टेबलावर ठेवला, चहाच्या उष्ट्या कपाशेजारी. मला बघवेना. मी त्याला अंघोळ घातली, गंध लावलं, साखर ठेवली. झालं! एकदा पूजेला लागलेला देव उपाशी ठेवायचा कसा? आणि त्याला नैवेद्य दाखवून शेजारच्या अन्नपूर्णेला नुसतं बघत बसवायचं? मग सगळ्यांचंच आलं. सकाळ पूजेत जाते, दिवेलागणीला परत समोर उभं राहायचं. हे वर ओरडतात, "अगं, चिंचेनं घासू नकोस, जुनेपण जातं! कलावस्तू आहेत त्या."

"मग सांगा तुमच्या कलावस्तूंना, माझ्याकडे असं बघू नका म्हणावं."

ह्या सगळ्यापायी मला घराबाहेर एक रात्र काढता येईना. सायखेडा असं कितीसं लांब? तिथे आई एकटी. पूजा उरकून निघायचं, तिच्या हातची भाकरी खायची आणि दिव्याच्या आत घरी परत. "एक रात तरी राह्य ना गं," आई म्हणायची, तोवर मी चपला घातलेल्या असायच्या. खरं सांगते, जीव गुदमरायचा. पेपरवाले येऊन देवांचे फोटो काढायचे. फोटोत मी लावलेलं गंध दिसायचं, मी नाही.

गेल्या वर्षी आईचा फोन आला, "या टायमाला राहायलाच ये." आवाज थकलेला होता. मी ह्यांच्यापुढे ताम्हण आदळलं. "उद्याची पूजा तुम्ही करायची. अंघोळ करून, पारोशानं नाही." हे हसत हो म्हणाले.

राहिले बाई एकदाची! आईला बिलगून झोपले, या वयात. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

सकाळी आईनं मला देवघरापुढे बसवलं, पूजा माझ्याकडून करून घेतली आणि एकेक देव नव्या खणात गुंडाळायला लागली.

"हे काय गं?"

"मी पुण्याला चालले, तुझ्या भावाकडं. सूनबाई म्हणती, भितीला फोटो लावू. दोघं नोकरीला, करणार कोण? तुझ्या घरी देव उपाशी नाय राहत."

एवढ्यासाठी बोलावलं होतं होय! आणि मी वेडी, लेक म्हणून आले होते. माहेरचे देव लेक नेत नाही, म्हणून भांडले, रडले. आईनं गाठोडं सरळ माझ्या ओटीत घातलं. ओटीतलं परत कसं करायचं?

घरी आले तर देव पारोसेच. ह्यांनी गाठोडं सोडलं. "वा! हे कुठे मिळाले?"

"माझ्या आईचे आहेत. हात लावाल तर याद राखा."

आता सायखेड्याच्या घराला कुलूप आहे. पुण्याला जाऊन दिवेलागणीच्या आत परत येणं जमत नाही, त्यामुळे आई भेटते ती फोनवरच. मी कशी आहे हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "देवांचं झालं का गं?"

"झालं," मी म्हणते.